चाचीच्या पडवीतलं तोरण

पावसात मासेमारीला बंदी लागली की बोटी वर ओढतात. त्यांच्याबरोबर आमच्यासारखे खलाशीपण वर येतात. बोटीचं बरं असतं. तिच्यावर ताडपत्री टाकली, दोर आवळला, की ती गप पडून राहते. खलाशी गप पडत नाय. तो घरात चहा मागतो. डब्यांची झाकणं उघडून बघतो. बायकोनं घासून पालथी घातलेली कढई उचलतो, उजेडात धरतो आणि "इथं जरा राहिलंय" म्हणतो. दुसऱ्यांचं माहीत नाय, मी हे सगळं करतो.

आमची मंडळी मासळी विकते. बाकीचं वरीसभर ती अंधारात उठून बंदरावर जाते, लिलावात माल घेते, बाजारात बसते आणि दुपारी घरी येते ती आडवी व्हायलाच. बंदीत मासळी नाय तर विकणार काय? म्हणजे माझी बेकारी आणि तिची सुटी एकाच दिवशी सुरू होते. तिच्या सुटीत खोट एवढीच, की मी घरात असतो.

त्या सुटीतल्या दुपारी ती चाचीकडं जाते. चाची म्हणजे आमच्या दगडी गडग्यापलीकडची म्हातारी. घरवाला जहाजावर बटलर होता, तो गेला. पोरं गल्फला. घर मोठं आणि आत ती एकटी. तिचा दुपारचा नमाज झाला, जेवणं झाली, की तिच्या पडवीत बायका जमतात. कुणी क्रोशाची सुई आणते, कुणी गोधडीचे तुकडे, गणपती जवळ आले की रंगीत कागद आणि कातरी. विकायला म्हणून कोण काय करत नाय. कुणाच्या बाळाला कुंची होते, कुणाच्या टीव्हीवर रुमाल पडतो. चाचीच्या घरात तर प्रत्येक वस्तूला टोपडं हाय. माठाला हाय, मिक्सरला हाय, गॅसच्या सिलिंडरलापण झालरीचा झगा हाय. तो सिलिंडर आमच्या पाखाडीतल्या कुठल्याही पुरुषापेक्षा नीट कपडे घालतो.

बंदी लागली त्याच दिवशी हिनं मला सांगितलंन, "अवो, चाचीकडं तुमी यायचं नाय."

"मी कशाला येतोय बायकांत?"

"तुमी येताय. मला माहीत हाय. एवढ्या दुपारीच काय त्या माझ्या हायत. आणि माझ्यापेक्षा त्या पोरीच्या."

ती पोरगी म्हणजे दोन घरं खालच्या सुकटवालीची नवी सून. संगमेश्वरकडची, आतल्या गावातली. लगीन झालं आणि नवरा आठवड्यात मुंबईला कामावर गेला. घरात सासू, सुकटीची पोती आणि ती. तिचं बोलणं तिकडचं, हेल वेगळा, शब्द वेगळे. ती काय बोलली की सासू तेच शब्द वाकडे करून परत बोलायची. मग पोरीनं घरात तोंड उघडायचंच सोडलंन. चाचीच्या पडवीत मात्र, आमच्या हिचं म्हणणं, ती पोपटासारखी बोलते, गाते, हसून हसून लोळते.

आणि तिथं यायची परवानगी कशी, तर सासूला गणपतीच्या खोलीच्या दारावर क्रोशाचं तोरण पायजे होतं. तिनं सांगितलेलं, "चाचीकडनं शिकून कर. तोरण झालं की मंग घरात काम पडलंय." म्हणजे तोरण होईतोवर पोरीच्या दुपारी तिच्या. ते पडवीतल्या सगळ्यांना माहीत. म्हणून तोरण हातभर झालं की चाची चष्मा लावायची, एक टाका शोधायची आणि म्हणायची, "हां, हितं चुकलंस. गणपती काय आंधळा हाय? उसव." आणि दोरा ओढला की सर्रकन सगळं रिकामं, आणि पोरगी हसायची.

हे सगळं हिनं मला नीट सांगितलेलं. मी ऐकलंपण. रेडिओवर वाऱ्याचा वेग सांगतात तसं ऐकलं.

तर एक दिवस जोराचा वारा सुटला. चाचीच्या पडवीला पावसाची झड लागू नये म्हणून नारळाची झापं बांधलेली, त्यातलं एक सुटलं आणि फडफडायला लागलं. चाचीनं हाक मारलीन. हाक हिला होती, दोरी घेऊन ये म्हणून. दोरी घेऊन मी गेलो. झाप बांधलं. बांधून झाल्यावर माणसानं घरी जायचं असतं. मी पायरीवर बसलो आणि म्हटलं, "काय करता गो?"

"जावईबापू, दिसत नाय?" चाची म्हणाली. हिला ती लेक म्हणते, म्हणून मी जावई. लाडानं म्हणते असं मला तेव्हा वाटायचं.

मी जवळ जाऊन बघितलं आणि मला हसू आलं. "हे तर जाळंच हाय. एवढं एवढं भोक. यात मुशी सोडा, कोळंबीपण मावायची नाय."

"मंग करून दाखवा," टेलरीण म्हणाली. ही आमच्या पाखाडीतली ब्लाऊज शिवणारी. तिची जीभ तिच्या कातरीपेक्षा धारेची. "काय भावजी, बोटीवर हेच करता काय दिवसभर?"

मी लहानपणापासनं जाळी शिवतोय. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तिथं हाताचा उपयोग फक्त पट्टी खायला झाला, पण जाळ्याची सुई माझ्या हातात दिलीत तर मी डोळे मिटून काम करीन. तेवढ्याच जोरावर मी क्रोशाची सुई घेतली. ती माझ्या बोटांत दिसेना. पयल्या दिवशी माझ्या हातनं जे झालं त्याला चाचीनं लांब धरून बघितलंन आणि विचारलंन, "हे काय, कान?"

पण मला त्याचा नाद लागला. जाळं शिवताना कसं, उद्या बोट जायची असते, मालक डोक्यावर उभा असतो, हात चालतो तो धाकानं. हितं धाक नव्हता. एक साखळीचा टाका, एक खांबाचा, परत साखळीचा. बाहेर पाऊस, आत चुलीवर चहाचं पाणी, शेजारी कोण तरी कापड कापतंय त्याचा आवाज. दोरा बोटावरनं जाताना गार लागतो. मला पन्नाशीला कळलं की बसून राहायलापण काहीतरी हातात लागतं. दुसऱ्या दिवशी हिच्या मागनं मी परत गेलो. तिसऱ्या दिवशी हिच्या आधी गेलो.

हिनं वाटेत अडवून सांगितलंन, "तुमी आलात की पोरगी गप बसते."

"मन लावून काम करत असेल," मी म्हटलं.

मला दिसत सगळं होतं. मी पायरी चढलो की टेलरीण पाय आखडून घ्यायची. ती पोरगी गाऊनवरची ओढणी सारखी करायची आणि खांबाच्या पलीकडं सरकायची. चालू असलेली गोष्ट मध्येच थांबायची आणि कोण तरी म्हणायचं, "यंदा नारळ काय भावानं जातील काय की." मला वाटायचं, बघा, बिचाऱ्यांना बोलायला विषय नाय. मग मी विषय द्यायचो. मी बोटीवर पयल्यांदा गेलो तेव्हा ओकलो ते मालकाच्या डब्यात. मी डोलकाठीवर चढलो आणि उतरता येईना, मग मला मासळीच्या टोपलीत बसवून खाली सोडलं. अशा माझ्याकडं पुष्कळ हायत. पयले दोन दिवस हसल्या. नंतर हसायच्या पण हात जास्त जोरात चालवायच्या. मी म्हटलं, काय रंगल्यात!

चाची एकदा म्हणाली, "जावईबापू, आता मुका खांब घाला." मुका खांब म्हणजे आखूड टाका, क्रोशात तसं म्हणतात. मी तो घातला, आणि घालताना माझ्या मेव्हण्याच्या लग्नाची गोष्ट सांगितली.

मग तो दिवस आला. टेलरणीला कुणाचे तरी ब्लाऊज द्यायचे होते, ती आली नव्हती. ही भिंतीला टेकून पेंगत होती. चाची आणि ती पोरगी चहा ठेवायला आत गेल्या. पडवीत मी, आणि चटईवर ते तोरण. जवळजवळ झालेलं. खालची टोकं झालेली, नुसतं शेवटचं टोक आणि वरची पट्टी राहिलेली. चाचीनं आदल्या दिवशी ते उसवायला सांगायचं ठरवलेलं, पण मी मध्ये गोष्ट सांगत होतो तेव्हा राहून गेलं असणार.

मला त्या पोरीची दया आली. एवढे दिवस मान मोडून बसते, आणि ही म्हातारी तिला सोडवतच नाय. म्हटलं, आज पोरीला मोकळी करू.

शेवटचं टोक मी घातलं. चांगलं झालं, कान वाटत नव्हता. वरच्या पट्टीपर्यंत आलो तर सुताचा गुंडा संपला. माझ्या पिशवीत जाळ्याच्या दोऱ्याचं रीळ होतं, पांढरंच. मग काय, जाळं जसं वरच्या दोराला बांधतात तसं मी तोरण बांधत गेलो. टाक्यागणिक गाठ. आमची गाठ म्हणजे ती सुटायची नसते. लाटा ओढतात, मासळी ओढते, गाठ जिथल्या तिथं. दोऱ्याची टोकं राहिली ती काडी ओढून जाळली आणि बोटानं दाबून चिकटवली. उचलून धरलं. असं सरळ लटकलं की मला माझाच हेवा वाटला.

आतनं कपांचा आवाज येत होता. चहा येईतोवर करायचं काय? मी तोरण घेतलं, डोक्यावर पिशवी धरली आणि दोन घरं खाली सुकटवाली मावशीकडं जाऊन ते तिच्या हातात दिलं.

"अगो बाय, झालं?" मावशी म्हणाली. तिनं ते ओढून बघितलंन, ताणून बघितलंन. "घट्ट हाय गो बाय. सुनेनं केलंन?"

"सुनेनंच. मी आपलं शेवटचं आवरलं."

मावशी एवढी खूश झाली की मला ओंजळभर सुका जवळा कागदात बांधून दिलीन.

मी परत आलो तेव्हा चहा आलेला. पोरगी चटईवर इकडंतिकडं बघत होती. चाचीनं विचारलंन, "तोरण कुठं हाय?"

"पोचलंपण," मी म्हटलं, आणि जवळ्याची पुडी पुढं केली. "बक्षीस."

पोरीनं कप खाली ठेवलान. मग सुई, गुंडे, कातरी, सगळं एकेक करून पिशवीत भरलीन, चाचीच्या पायाला हात लावलान आणि पायऱ्या उतरून गेली. चहा तिनं घेतला नव्हता. तो मी प्यालो. वाया कशाला घालवायचा?

दुसऱ्या दिवशी ती आली नाय. मी पडवीत बसल्या जागेवरनं बघितलं तर सासूच्या दारात ताडपत्रीखाली बसून सुकट निवडत होती. तिसऱ्या दिवशीपण तेच. टेलरीण आली, मला बघितलंन, आणि "डोकं दुखतंय" म्हणून परत गेली. मी मेव्हण्याच्या लग्नाची गोष्ट परत काढली तर चाची म्हणाली, "झाली ती."

जेवताना हिनं ताट माझ्यापुढं जरा जोरात ठेवलान.

"काय झालं?"

"तुमी मोकळी केलीत ना तिला? झाली मोकळी."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात एक एक गोष्ट लागत गेली. म्हातारी उसवायला लावायची ते कशासाठी, पोरगी चुकली की हसायची कशाला, हिनं मला पयल्याच दिवशी काय सांगितलं होतं. सगळं मला माहीतच होतं. माझ्याकडं सामान असतं, फक्त ते कुठं ठेवलंय ते मला सापडत नाय.

"मंग तोरण परत आणू?" मी म्हटलं. "चाची काढील खोट."

"खोट काढून काय, उसवणार कसं? तुमच्या गाठी!"

"कापू."

"गणपतीचं तोरण कापून टाकलं म्हणून सांगणार? अवलक्षण म्हणून मावशी पोरीलाच धरील." नाक वर करून ती म्हणाली, "बांधलंत कशानं तुमी ते? त्या दिवशी पडवीत वास येत होता."

"जाळ्याच्या दोऱ्यानं."

"मला वास आला होता. मला वाटलं तुमचाच."

आणि ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मला आधी कळलं नाय, मग कळलं. सुकटवाली मावशी जन्मभर सुकट विकते, घरात पोतीच्या पोती, पण गणपतीच्या खोलीत ती मासळीचं नावपण घेऊ देत नाय. त्या खोलीची झाडू वेगळी, बादली वेगळी. त्या दारावर बांगड्याच्या जाळ्याचा दोरा!

"तुमीच जा," ही म्हणाली. "आणि खरं ते सांगा. गोष्ट करू नका त्याची."

मी गेलो. पोरगी दारात सुकट निवडत होती, तिनं मान वर केली नाय. मावशीनं तोरण दाराला लावून बघितलेलं, लांबनं बघत उभी होती.

"मावशी," मी म्हटलं, "ते उतरवा. त्याला जाळ्याचा दोरा लागलाय."

"कसला जाळ्याचा?"

"बांगड्याच्या."

"नवा?"

"बोटीवरच्या पिशवीतला."

"म्हणजे वापरलेला?"

"धुतलेला हाय."

"कशात?"

"समुद्रात."

मावशीनं जे सुरू केलंन ते पाखाडीच्या वरच्या घरापर्यंत ऐकू गेलं. "अरे मेल्या, तुला कुणी सांगितलं होतं? बायकांच्या कामात तुझं काय? म्हणून म्हणतेय, दोन दिस घरात कसला वास येतोय! मी सुनेला बोलले, तू हात धुवत नायस म्हणून! चार वेळा हात धुवायला लावले पोरीला!" तिनं काठीनं तोरण उतरवलान— हाताला लागू द्यायचं नव्हतं— आणि काठीच्या टोकावरच माझ्यापुढं धरलान. शेजारची माणसं दारात आलेली. एकानं विचारलं, काय झालं? दुसरा म्हणाला, यानं गणपतीला जाळं लावलंन. माझ्या आयुष्यात लोक मला बघायला एवढ्या पावसात पयल्यांदाच बाहेर आले.

"आता नवं कुणी करायचं?" मावशी म्हणाली. "गणपती तोंडावर आले."

"सून करील," मी म्हटलं. "चाचीकडं बसून. चुकी तिची नाय, माझी हाय."

"आणि परत तू जाशील तिथं तुझी पिशवी घेऊन!"

त्याच दुपारी मी जायचं ठरवलं होतं. माझी एक टोपी अर्धी झालेली, जाळीची, आणि पुढचा फेर कसा कमी करायचा ते चाचीला विचारायचं होतं.

मावशी म्हणाली, "हे बघ. एवढ्यात दोऱ्याचं काय होत नाय. यंदा कागदाची फुलं लावू. दोऱ्याचं पुढच्या गणपतीला, पोरीनं सावकाश करावं, एकटीनं. पण तू त्या पडवीची पायरी चढलास तर मी सुनेला पाठवायची नाय. कळलं तुला?"

सुपातला पोरीचा हात थांबला. पयल्यांदाच ती माझ्याकडं बघत होती, सरळ. पुढच्या गणपतीपर्यंत म्हणजे बंदी उठली, बाकीच्या बायका कामाला गेल्या, तरी तिची आणि चाचीची दुपार चालू राहणार. आणि ते माझ्या एका शब्दावर होतं.

"नाय चढणार," मी म्हटलं.

"गणपतीची शपथ घे."

"घेतली."

घेतली तेव्हा सोपी वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी ही चाचीकडं निघाली आणि मी उठून पिशवी उचलली, मग ठेवली. कढई बघितली, स्वच्छ होती.

आता त्यांचं कागदाचं चाललंय. झिरमिळीच्या कागदाची फुलं पावसात ओल धरतात, मान टाकतात. चाचीला ते चांगलं माहीत हाय, आधी ती फुलं करून तांदळाच्या डब्यात ठेवायची म्हणजे कोरडी राहायची. यंदा तिचा डबा म्हणे रिकामा नाय. फुलं पडवीच्या कठड्यावर ठेवते. सकाळी बघावं तर सगळी लोळलेली. मग दुपारी परत नवी. सासू एकदा बघून गेली आणि म्हणाली, पाऊसच तसा हाय यंदा.

मी माझ्या मागच्या दारी बसतो. टोपीचा फेर कमी कसा करायचा ते कळलं नाय म्हणून ती वाढत चाललीय, आता तिच्यात माझी दोन डोकी मावतील. पडवीतलं मला दिसत नाय, मध्ये गडगा हाय. ऐकू मात्र येतं, वारा तिकडनं असला तर.

परवा एक आवाज आला, बाप्या माणसाचा. मी चमकलो. म्हटलं, मला बंदी आणि हा कोण बसलाय? कान दिला तर तो मीच होतो. ती पोरगी माझी नक्कल करत होती. माझा हेल, मी बोलताना मध्येच नाक ओढतो ते, गोष्टीआधी मांडीवर हात मारतो ते. संगमेश्वरच्या पोरीनं आमची बोली अशी उचललेली की मी स्वतः एवढा बरा बोलत नाय. मध्येच ती तिच्या गावच्या बोलीत यायची, मग सासू व्हायची, परत मी व्हायची. टेलरीण "पुरे गो, पुरे" म्हणत होती. चाची खोकत होती हसताना. आणि सगळ्यांत शेवटी हसायची थांबत होती ती आमची मंडळी.

पोरगी सांगत होती की मी सासूला तोरण दिलं तेव्हा त्याच्या मधल्या टोकाला गोंड्याच्या जागी एक आख्खा बांगडा लटकत होता, आणि मी म्हटलं, "राहू दे मावशी, शोभेला."

हे साफ खोटं हाय. बांगडा नव्हता. मी उठलो, गडग्यापर्यंत गेलो, वर हात ठेवला आणि तोंड उघडलं. पलीकडं ती परत सुरुवातीपासनं सांगायला लागली होती, कारण चाचीला हसण्यात नीट ऐकू आलं नव्हतं. मी हात काढून घेतला आणि येऊन बसलो.